सात नंबरची कस्तुरी

ज्या माणसाच्या नाकावर अख्खा कारखाना चालतो, त्याला नाकोजी नाही म्हणायचं तर काय कानोजी म्हणायचं, असं तो स्वतःच विचारायचा. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं. बाकी सगळीकडे तो नाकोजीच होता आणि त्याचं त्याला काडीचंही वाईट वाटत नव्हतं.

कारखाना वासांचा होता. साबण, शाम्पू, कपडे धुवायची पावडर, फरशी पुसायचं पाणी, यांना जो सुवास असतो तो इथे तयार व्हायचा आणि पिंपांत भरून पुढे जायचा. बाहेरून येणारा कच्चा माल आधी नाकोजीच्या टेबलावर यायचा. कागदाची अरुंद पट्टी मालात बुडवायची, दोनदा हवेत हलवायची, डोळे मिटून नाकाखाली धरायची आणि 'घ्या' किंवा 'परत' एवढा एकच शब्द बोलायचा, हे त्याचं काम. बावीस वर्षं तो ते करत होता. लिंबाचे अठरा प्रकार त्याला डोळे बांधून ओळखता यायचे. एकदा तर मालक खोलीत शिरताच त्याने पट्टीवरून मान वर न करता "साहेब, डोक्याचं तेल बदललंत" असं सांगितलं होतं आणि ते तेल मालकांनी त्याच सकाळी पहिल्यांदा लावलं होतं. ही गोष्ट तो इतक्यांदा सांगायचा, की सांगता सांगता मालक आधी दाराबाहेर, मग फाटकाबाहेर आणि हल्ली हल्ली तर रस्त्याच्या पलीकडे उभे असायचे.

अशा माणसाच्या टेबलावर एके दिवशी सात नंबरची कस्तुरी आली.

कस्तुरी म्हणजे नावाला कस्तुरी. हरणाचा आणि तिचा संबंध नव्हता. प्रयोगशाळेत जन्मलेलं ते रसायन होतं. कारखान्यात अशा कृत्रिम कस्तुरीचे सहा प्रकार आधीच होते, ही सातवी. उन्हात वाळवून नुकत्याच घडी घातलेल्या चादरीसारखा तिचा वास आहे आणि एकदा लागला की आठवडे जात नाही, असं माल पाठवणाऱ्यांनी लिहिलं होतं. नाकोजीने पट्टी बुडवली, हलवली, नाकाखाली धरली.

काहीच नाही.

त्याने दुसऱ्या नाकपुडीने पाहिलं. मग नाक ताजं करायला स्वतःच्या कोपराच्या लवणीचा वास घेतला, कारण त्या धंद्यात तशी रीत आहे. कोपराचा वास आला. पट्टीचा आला नाही. क्षणभर त्याला स्वतःच्याच नाकाची शंका आली. पण बावीस वर्षांची सवय शंकेपेक्षा भक्कम होती.

"परत," तो म्हणाला. "पाणी पाठवलंय लेकाच्यांनी."

शेजारच्या टेबलावर केमिस्टबाई होत्या. वर्षभरापूर्वीच लागलेल्या, वयाने त्याच्या मुलीएवढ्या. त्यांच्या यंत्राचा कागद माल अस्सल असल्याचं सांगत होता आणि त्या हळूच म्हणाल्याही, की मला तर चांगला वास येतोय. नाकोजीने त्यांना फार मायेने समजावलं, की नवशिक्या माणसाला डब्यावर जे लिहिलेलं असतं त्याचा वास येतो. आणि यंत्राचं म्हणाल तर यंत्राला सर्दीसुद्धा होत नाही, त्याचं काय ऐकायचं. वजन करणाऱ्याने पट्टी हुंगली. त्याच्या चेहऱ्यावर ऊन पडल्यासारखं झालं. तेवढ्यात त्याचं लक्ष नाकोजीकडे गेलं आणि तो म्हणाला, "छे, कसला वास." मालकांनाही विचारण्यात आलं. मालकांनी वास न घेताच नाकोजीच्या बाजूने कौल दिला. पिंप परत गेलं. नमुन्याचा पाच लिटरचा डबा तेवढा फोडलेला असल्यामुळे मागे राहिला, तो टाकून द्या, असं मालक म्हणाले.

टाकून देणं हा प्रकार नाकोजीच्या घराण्यात नव्हता. त्याने डब्यात बोट बुडवून पाहिलं. मधापेक्षा पातळ, तेलापेक्षा दाट, बोटांवर छान गुळगुळीत. वास म्हणाल तर शून्य. त्याला त्याच्या इमारतीतली दारं आठवली.

चार मजल्यांच्या त्या इमारतीतली सगळी दारं एकाच सुताराने केली होती आणि सगळी एका सुरात रडायची. लिफ्टचं लोखंडी जाळीचं दार तर असं किंचाळायचं, की नवीन पाहुणे जिन्याने वर येत. नाकोजीने सुट्टीच्या दिवशी जुना रंगाचा ब्रश घेतला आणि डबा घेऊन घरोघर फिरला. बिजागऱ्या, कड्या, लिफ्टची जाळी, गच्चीचं दार, टपालपेट्यांची कुलपं, काही म्हणून सोडलं नाही. पहिल्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापिकाबाई राहायच्या, त्याच इमारतीच्या अध्यक्षही होत्या. त्यांनी त्याला चहा पाजला. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, विमा कचेरीत कामाला असलेल्या साहेबांनी स्वतः दार धरलं. तळमजल्यावर लाँड्रीवाल्या मावशी. नवऱ्याच्या मागे वीस वर्षं त्यांनी ती लाँड्री एकटीने चालवली होती. त्यांच्या दुकानाचं शटर सगळ्यात गंजलेलं, म्हणून तिथे निम्मा डबा ओतला गेला. शटर लोण्यासारखं सरकलं, तेव्हा मावशी म्हणाल्या की आता सकाळी मी दुकान उघडलं तर गल्लीला कळणारसुद्धा नाही.

घरी बायकोला वास आला होता. ती काही बोलली नाही. बावीस वर्षं हा माणूस रोज अंगावर काहीतरी घेऊन यायचा, आज संत्रं तर उद्या देवदार, एकदा आठवडाभर नुसता कापलेल्या गवताचा. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती विचारायची. मग तिने तो नाद सोडला.

चारेक दिवसांत इमारत दरवळायला लागली. सुरुवातीला लोकांना बरं वाटलं. पण बिजागरीचं कडीला, कडीचं हाताला आणि हाताचं सगळ्याला लागतं. मुख्याध्यापिकाबाईंचा चहा साबणाचा लागू लागला. त्यांनी चहाची पूड बदलली, मग दूध बदललं, शेवटी गॅस कंपनीला पत्र लिहिलं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांच्या दातांच्या कवळीला वास लागला आणि त्यांना दिवसरात्र आपण चादर चघळतोय असं वाटायला लागलं.

तिसऱ्या मजल्यावर मात्र प्रकरण गंभीर झालं. विमावाले साहेब रोज संध्याकाळी लिफ्टची जाळी कोपराने ढकलून घरी यायचे आणि त्यांच्या कोटाच्या बाहीला गोड, स्वच्छ, बायकी वास यायचा. त्यांच्या बायकोने पहिल्या दिवशी विचारलं, दुसऱ्या दिवशी विचारलं, तिसऱ्या दिवसापासून विचारायचं बंद केलं आणि त्यांचं अंथरूण बाहेरच्या खोलीत घातलं. साहेब शपथा घेत राहिले. दुसऱ्या दिवशी लिफ्ट पुन्हा त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायची.

तिसऱ्या आठवड्यात अध्यक्षबाईंनी सभा बोलावली. जिन्याखालच्या मोकळ्या जागेत सगळे जमले. वासाचा उगम शोधायचा असं ठरलं आणि शोधणार कोण, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. सगळ्या माना एकदम नाकोजीकडे वळल्या.

सभेत नाकोजी आतापर्यंत गप्प बसला होता, कारण लोक कशाबद्दल बोलताहेत हेच त्याला कळत नव्हतं. त्याला कसलाही वास येत नव्हता. इमारतीत पंचवीस-तीस माणसं वासाने हैराण झालेली आणि जिल्ह्यात नावाजलेलं नाक मात्र कोरडं ठक्क. 'मला वास येत नाही' हे चार शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले होते. पण एवढ्यात अध्यक्षबाई म्हणाल्या, "आपल्या इमारतीचं भाग्य, की असा माणूस आपल्यात आहे," आणि ते चार शब्द आल्या वाटेने परत गेले.

मग निघाली मिरवणूक. पुढे नाकोजी, डोळे मिटून, मान उंच करून. मागे सगळी इमारत. नाकाचा उपयोग नव्हता, म्हणून तो डोळे किलकिले करून लोकांचे चेहरे बघत होता. गच्चीवर चेहरे साधे होते. तिसऱ्या मजल्यावर नाकं जराशी आकसली. लिफ्टपाशी दोघांनी रुमाल काढले. तळमजल्यावर लाँड्रीच्या दारात पोचल्यावर दातांवाले आजोबा मागे सरले आणि कुणीतरी शिंकलं. नाकोजी थांबला. एक दीर्घ श्वास घेतला. आत नुसती हवा गेली.

"इथे," तो म्हणाला. "साबण आहे. हलक्या प्रतीचा."

मावशी इस्त्री करत होत्या. त्यांनी इस्त्री उभी केली आणि शांतपणे सांगितलं, की मी बिनवासाचीच पावडर वापरते, गेली सहा वर्षं, कारण दवाखान्याचे कपडे असतात. आतून डबा आणून दाखवला. पण नाकोजीचं नाक एकीकडे आणि मावशींचा शब्द दुसरीकडे, त्यात निकाल काय लागायचा! धुण्याचं काम महिनाभर बंद ठेवा, वास गेला की बघू, असं अध्यक्षबाईंनी अगदी सभ्य शब्दांत सांगितलं. मावशींनी वाद घातला नाही. नाकोजीकडे बघून एवढंच म्हणाल्या, "तुम्ही म्हणता म्हणजे असेल. आम्हाला कुठे एवढं नाक."

दुसऱ्या दिवशी शटर अर्धंच वर होतं. चौथ्या दिवशी दवाखान्याचे कपडे दुसरीकडे जाऊ लागले. नाकोजी कामावर जाताना समोरच्या फुटपाथवरून जायला लागला. घरी बायकोला म्हणाला, आज भूक नाही. तिने ताट झाकून ठेवलं आणि काय झालं ते विचारलं. काही नाही, असं तो म्हणाला. आणि वासाच्या बाबतीत ते अगदी खरं होतं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी केमिस्टबाई त्याच्या घरी आल्या. कारखान्यात तोवर आणखी एक गोष्ट झाली होती. माल पाठवणाऱ्यांनी नवं पिंप धाडलं होतं आणि नाकोजीने तेही परत केलं होतं. सोमवारी मालक त्या लोकांशी व्यवहारच तोडणार होते. चारचौघांत बोलण्यापेक्षा घरी बोलावं, असा विचार करून बाई आल्या होत्या. पण त्यांना बोलायची सुरुवातच करता येईना. दारात उभ्या राहून त्या आपल्या तळहाताचा वास घेत होत्या. मग त्यांनी बिजागरीवर बोट फिरवलं आणि ते नाकाशी नेलं.

"काका," त्या म्हणाल्या, "इथे सात नंबर कुणी लावला?"

"ते तेल होय? मीच. पण त्याला वास कुठाय?"

बाईंनी त्याच्या बायकोकडून एक कोरा लिफाफा मागून घेतला, त्याच्या तीन पट्ट्या कापल्या, आत जाऊन दोन पाण्यात बुडवल्या आणि एक डब्याच्या तळाशी उरलेल्या मालात. तिन्ही टेबलावर मांडल्या. कस्तुरी कुठली ते सांगा म्हणाल्या. नाकोजीने डावीकडची दाखवली. बाईंनी मान हलवून पट्ट्यांच्या जागा बदलल्या. त्याने उजवीकडची दाखवली. तिसऱ्या वेळी तो बराच वेळ हुंगत बसला, कोपर हुंगलं, पुन्हा पट्ट्या हुंगल्या आणि शेवटी म्हणाला, "तिन्ही पाणी आहेत."

"मधली," स्वयंपाकघराच्या दारातून बायको म्हणाली. "इथवर येतोय."

"म्हणजे तुला वास येत होता?"

"येत होता की. महिना होत आला."

"मग बोलली का नाहीस?"

"अहो, तुमच्या अंगाला वास कधी नव्हता?"

नाकोजी खुर्चीत बसला. बाईंनी त्याला समजावून सांगितलं, की नाकात बिघाड काही नाही. वासाच्या प्रत्येक रसायनाला नाकात आपापलं दार लागतं. ह्या एकाला तुमच्या नाकात दारच नाही, जन्मापासून. कित्येकांना नसतं. "मला तीन नंबरचा येत नाही," त्या म्हणाल्या. "कामाला लागले त्याच महिन्यात मालकांना लिहून दिलं."

"आणि तरी ठेवलं तुम्हाला?"

"ठेवलं की. तीन नंबर आला की मी दुसऱ्याला विचारते."

दुसऱ्याला विचारते! बावीस वर्षांत हा उपाय नाकोजीला एकदाही सुचला नव्हता.

बाई गेल्या. नाकोजी उठला, चपला घातल्या आणि जिन्याने खाली गेला. लिफ्टला हात लावायची त्याची हिंमत झाली नाही. शटर अर्धं खाली होतं. तो वाकून आत शिरला. मावशी रिकाम्या टेबलावर हात ठेवून बसल्या होत्या. त्याने सगळं सांगितलं. कस्तुरी, ब्रश, निम्मा डबा, तीन पट्ट्या, सगळं. सांगून झाल्यावर मावशींनी विचारलं,

"माझ्या दारात उभं राहून तुम्ही वास घेतलात ना? डोळे मिटून?"

"हो."

"मग तेव्हा काय आलं?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही, मावशी. लोकांच्या तोंडाकडे बघून बोललो."

मावशी म्हणाल्या, "हे असंच्या असं सगळ्यांसमोर सांगा. मी सांगून कोण ऐकणार आहे?"

त्याच संध्याकाळी जिन्याखाली पुन्हा सभा भरली. नाकोजी आयुष्यात पहिल्यांदाच जमिनीकडे बघत बोलला. मला ह्याचा वास येत नाही, इथपासून सुरुवात करून मावशींचा ह्यात काडीचाही दोष नाही, इथवर तो आला, तेव्हा त्याचा आवाज इतका बसला होता की दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना प्रत्येक वाक्य पुन्हा सांगावं लागलं. म्हणजे कबुलीजबाब दोनदा झाला, दुसऱ्यांदा ओरडून.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला. चाळीस वर्षं शिकवलेल्या बाई त्या. "उत्तर येत नसेल तर पाटी कोरी ठेवावी," त्या म्हणाल्या. "त्यात आपण एकटे नापास होतो. तुम्ही शेजारच्याला नापास केलंत." मग त्या स्वतः उठून मावशींपाशी गेल्या, पावडरचा डबा बघूनही मी विश्वास ठेवला नाही, माझंही चुकलं, असं त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं.

इकडे विमावाले साहेब उठून उभे राहिले होते. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. हे दोन दिवस आधी कळलं असतं तर किती बरं झालं असतं, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. झालं होतं असं, की रोजच्या उलटतपासणीला कंटाळून दोन दिवसांपूर्वी साहेबांनी बायकोपाशी जे खरं होतं ते कबूल करून टाकलं होतं. कचेरी सुटल्यावर ते रोज आपल्या आईकडे जायचे, तिथे पोटभर जेवायचे आणि घरी येऊन पुन्हा जेवायचे. सात वर्षं हे चाललं होतं. आता कोटाचा वास निर्दोष ठरला, पण कबुली काही परत घेता येईना. त्यांच्या बायकोने नाकोजीचं सगळं ऐकून घेतलं आणि उसासा टाकून म्हणाली, "दुसरी बाई असती तर निदान मनाची समजूत तरी घालता आली असती."

पुढचे दोन आठवडे नाकोजी कामावरून आला की बादली, स्पिरिट आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन बिजागऱ्या घासत बसायचा. वास गेला की नाही हे त्याला कळायचा मार्ग नव्हता, म्हणून प्रत्येक दारापाशी घरातल्या माणसाला बोलवून विचारावं लागे, "आता येतोय का?" लोकांनी सूड उगवायची ही संधी सोडली नाही. वास गेला तरी, "थोडा येतोय हं अजून," असं सांगून चकाचक बिजागऱ्या त्याच्याकडून तीन तीनदा घासून घेतल्या. मावशींच्या शटरला सगळ्यात जास्त दिवस लागले. त्यांनी मात्र एकदाही खोटं सांगितलं नाही. वास गेला त्या दिवशी गेला म्हणाल्या, आणि दवाखान्याच्या कपड्यांचं पहिलं गाठोडं परत आलं तेव्हा ते तिसऱ्या गल्लीतून त्यांच्यासाठी खांद्यावरून घेऊन आला तो नाकोजीच.

राहिला कारखाना. सभेच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळी तो मालकांच्या खोलीत गेला, दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. नोकरी गेली असं तो धरूनच चालला होता. मालकांनी ऐकून घेतलं, टेबलावर बोटं वाजवली आणि भलताच प्रश्न विचारला: सात नंबरच्या डब्यापाशी बसून तुमचं डोकं दुखतं का? नाकोजी म्हणाला, काहीच होत नाही. मालकांचा चेहरा उजळला. दोन्ही पिंपं परत मागवायची होती, वर एका साबणवाल्याकडून सात नंबरच्या आणखी चाळीस पिंपांची मागणी आली होती, आणि एवढा माल ज्या गोदामात ठेवायचा तिथे घटकाभर उभं राहिलं तरी माणसांची डोकी भणाणली असती. तिथे दिवसभर बसायला कुणी तयार नव्हतं.

अशा रीतीने नाकोजीला बढती मिळाली. कस्तुरी गोदामाचा प्रमुख म्हणून त्याच्या नावाची पाटी लागली. त्याच्या जुन्या टेबलावर आता केमिस्टबाई बसतात आणि तीन नंबर आला की दुसऱ्याला विचारतात.

नाकोजी दिवसभर सात नंबरच्या चाळीस पिंपांमध्ये मजेत बसतो. सुटल्यावर हातपाय धुतो, कपडे बदलतो आणि घरी येतो. दारात चपला काढता काढता बायकोला विचारतो, "येतोय का गं आज?"

"नाही हो," ती म्हणते.

नेमक्या त्याच वेळी समोरच्या घराची खिडकी धाडकन बंद होते. वारा सुटला असेल, असं म्हणून तो आत येतो.